टेक्सास विधिमंडळ आणि शाळा : व्यावसायिक शिक्षण व शालेय सुरक्षा कायद्यांचा ऐतिहासिक अभ्यास (१९१७ ते २०२५)

प्रस्तावना

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या राज्यघटनेत 'शिक्षण' हा शब्द कोठेही आढळत नाही. १७९१ मध्ये संमत झालेल्या दहाव्या घटनादुरुस्तीनुसार संघराज्याकडे न सोपविलेले अधिकार घटकराज्यांकडे अथवा जनतेकडे राहतात आणि शिक्षण हा त्यांपैकी एक प्रमुख अधिकार होय. परिणामी अमेरिकन शाळेत काय शिकवावे, शाळेची इमारत कशी असावी, तिच्या दारात पहारेकरी असावा की नसावा, हे प्रश्न वॉशिंग्टनपेक्षा पन्नास घटकराज्यांच्या विधिमंडळांत अधिक प्रमाणात निकाली निघतात. संघराज्य पैसा देते, अटी घालते. परंतु कायद्याची मूळ चौकट राज्याची असते.

गेल्या काही वर्षांत या विधिमंडळांच्या कामकाजपत्रिकेवर दोन विषय सातत्याने शेजारी शेजारी दिसतात. पहिला विषय करिअर व तांत्रिक शिक्षणाचा, म्हणजेच पूर्वी ज्याला व्यावसायिक शिक्षण म्हटले जाई त्याचा. दुसरा विषय शालेय सुरक्षेचा. वरवर पाहता या दोहोंत काहीच नाते नाही. एक विषय विद्यार्थ्याच्या भावी उपजीविकेचा, तर दुसरा त्याच्या आजच्या जीविताचा. तथापि दोन्ही विषयांचा इतिहास एकत्र वाचल्यास राज्य शाळेकडून काय अपेक्षितो, कोणत्या प्रसंगी हालचाल करतो आणि खर्चाचा भार कोणावर टाकतो, यावर लक्षणीय प्रकाश पडतो. प्रस्तुत शोधनिबंधात या दृष्टीने टेक्सास राज्याचा विचार केला आहे. सुमारे ५५ लाख विद्यार्थी, नऊ हजारांवर शाळा आणि सनदी शाळा धरून सुमारे १,२०० स्थानिक शिक्षणसंस्था असलेले हे राज्य आकाराने मोठे आहेच. शिवाय १९३७ साली याच राज्यात व्यावसायिक शिक्षण आणि शालेय सुरक्षा हे दोन विषय एका खोलीत, एका क्षणी, अत्यंत दारुण रीतीने एकत्र आले होते.

अभ्यासाची उद्दिष्टे

१. टेक्सासमधील व्यावसायिक शिक्षणविषयक कायद्यांच्या वाटचालीचा आढावा घेणे.
२. शालेय सुरक्षाविषयक कायद्यांमागील घटना व त्या कायद्यांचे स्वरूप तपासणे.
३. १९३७ आणि २०२३ या दोन वर्षांतील विधिमंडळाच्या प्रतिसादाची तुलना करणे.

अभ्यासासाठी ऐतिहासिक व तुलनात्मक पद्धतीचा अवलंब केला असून विवेचन मुख्यतः टेक्सासपुरते मर्यादित ठेवले आहे. अन्य राज्यांचे दाखले आवश्यक तेथेच दिले आहेत.

घटनात्मक व आर्थिक चौकट

टेक्सासची विद्यमान राज्यघटना १८७६ सालची आहे. तिच्या सातव्या अनुच्छेदाने सार्वजनिक मोफत शाळांची कार्यक्षम व्यवस्था उभारणे व चालविणे हे विधिमंडळाचे कर्तव्य ठरविले. त्याच घटनेने गोऱ्या व कृष्णवर्णीय मुलांसाठी स्वतंत्र शाळांची तरतूद केली होती, ही गोष्टही नोंदविणे आवश्यक आहे. विधिमंडळाचे नियमित अधिवेशन दोन वर्षांतून एकदा, विषम वर्षी भरते आणि आजच्या नियमानुसार ते १४० दिवसांहून अधिक चालत नाही. मधल्या काळात विशेष अधिवेशन बोलाविण्याचा अधिकार केवळ गव्हर्नरला आहे व त्याची विषयपत्रिकाही गव्हर्नरच ठरवितो. कायदा कधी होतो हे समजण्यासाठी हे वेळापत्रक फार महत्त्वाचे आहे.

शाळांचा दैनंदिन कारभार स्थानिक शालेय जिल्हे पाहतात व त्यांच्या उत्पन्नाचा मोठा भाग स्थानिक मालमत्ता करातून येतो. श्रीमंत वस्तीतील शाळा श्रीमंत आणि गरीब वस्तीतील शाळा गरीब, ही विषमता त्यातूनच निर्माण झाली. १९७३ च्या रॉड्रिगेझ खटल्यात संघराज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार अशा मताने या व्यवस्थेत हस्तक्षेप करण्यास नकार दिला. मात्र १९८९ च्या एजवुड खटल्यात टेक्सासच्या सर्वोच्च न्यायालयाने हीच व्यवस्था राज्यघटनेशी विसंगत ठरविली. विधिमंडळाने शाळांवर नवे बंधन घातले की त्याचा खर्च कोण देणार, हा प्रश्न या पार्श्वभूमीवर पुनःपुन्हा उपस्थित होतो.

व्यावसायिक शिक्षणाचा उगम

व्यावसायिक शिक्षणाच्या कायद्यांचा प्रारंभ टेक्सासमध्ये झाला नाही. मॅसॅच्युसेट्सचे गव्हर्नर विल्यम डग्लस हे स्वतः पादत्राणांचे कारखानदार होते. त्यांच्या पुढाकाराने नेमलेल्या आयोगाने १९०६ मध्ये औद्योगिक शिक्षणाविषयी अहवाल दिला आणि त्याच वर्षी त्या राज्याने स्वतंत्र औद्योगिक शाळांसाठी कायदा केला. १९११ मध्ये विस्कॉन्सिनने व्यावसायिक शाळांसाठी वेगळी मंडळे स्थापन केली. इलिनॉयमध्ये मात्र याच धर्तीवर मांडलेले कूली विधेयक कामगार संघटना व शिक्षक यांच्या विरोधामुळे संमत होऊ शकले नाही.

या वादात तत्त्वज्ञ जॉन ड्यूई यांची भूमिका मूलगामी होती. सामान्य शिक्षण व व्यावसायिक शिक्षण यांच्यासाठी दोन वेगळ्या व्यवस्था उभारल्यास समाजातील वर्गभेद शाळेतच पक्के होतील, असे त्यांचे प्रतिपादन होते. मॅसॅच्युसेट्सचे शिक्षण आयुक्त डेव्हिड स्नेडन यांच्याशी त्यांचा १९१५ साली झालेला वाद या संदर्भात प्रसिद्ध आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्याच सुमारास कोलंबिया विद्यापीठात ड्यूई यांच्या वर्गांना उपस्थित होते, ही गोष्ट मराठी अभ्यासकांना परिचित आहे.

२३ फेब्रुवारी १९१७ रोजी अध्यक्ष वुड्रो विल्सन यांनी स्मिथ–ह्यूज कायद्यावर स्वाक्षरी केली. शेती, गृहविज्ञान आणि औद्योगिक व्यवसाय यांच्या शिक्षकांच्या वेतनासाठी संघराज्याचा निधी देण्याची तरतूद या कायद्यात होती. त्यासाठी राज्याने कायद्याचा स्वीकार करावा, स्वतंत्र मंडळ नियुक्त करावे आणि मिळणाऱ्या प्रत्येक डॉलरमागे स्वतःचा एक डॉलर घालावा, अशा अटी होत्या. टेक्सासने ही योजना स्वीकारली. कापूस व पशुपालन यांवर उभ्या असलेल्या या राज्यात शेतीशिक्षणाचा वर्ग ग्रामीण माध्यमिक शाळेचा अविभाज्य भाग बनला. १९२८ मध्ये राष्ट्रीय पातळीवर स्थापन झालेल्या 'फ्यूचर फार्मर्स ऑफ अमेरिका' या संघटनेचा टेक्सास हा बालेकिल्ला ठरला.

ड्यूई यांनी व्यक्त केलेली भीती दक्षिणेकडील राज्यांत वर्णभेदाच्या रूपाने प्रत्यक्षात आली. कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांसाठी 'न्यू फार्मर्स ऑफ अमेरिका' ही वेगळी संघटना होती व ती १९६५ मध्ये मूळ संघटनेत विलीन करण्यात आली. हस्तकौशल्याचे शिक्षण कोणासाठी सन्मानाची संधी आणि कोणासाठी ठरवून दिलेली पायरी, हा प्रश्न तेव्हापासून या विषयाला चिकटला आहे.

न्यू लंडन, १९३७ : कार्यशाळेतील ठिणगी

ऑक्टोबर १९३० मध्ये पूर्व टेक्सासमध्ये प्रचंड तेलसाठा सापडला. महामंदीच्या काळात सारा देश आर्थिक विवंचनेत असताना रस्क परगण्यातील लंडन शालेय जिल्हा तेलाच्या करामुळे श्रीमंत झाला. १९३२ साली तेथे पोलाद व काँक्रीट वापरून भव्य शाळा उभारण्यात आली. तिच्या आवारातही तेलविहिरी होत्या. एवढी संपन्नता असूनही इमारत उबदार ठेवण्यासाठी मूळ आराखड्यातील मध्यवर्ती बाष्पयंत्राऐवजी खोल्याखोल्यांत वायूवर चालणारे तापक बसविण्यात आले. १९३७ च्या प्रारंभी शाळा मंडळाने वायूपुरवठ्याचा करार रद्द केला आणि जवळून जाणाऱ्या, तेल शुद्धीकरणानंतर उरलेल्या वायूच्या वाहिनीला शाळेची नळी जोडून घेतली. असा वायू एरवी जाळून टाकला जाई व परिसरातील अनेक घरे, चर्च त्याचा फुकट वापर करीत. यातून महिन्याला सुमारे तीनशे डॉलरची बचत होणार होती.

या वायूला रंग नव्हता, वासही नव्हता. गळती होऊन तो इमारतीच्या फरशीखालील मोठ्या पोकळीत साठत गेला. मुलांना डोकेदुखी होत असल्याच्या तक्रारी होत्या. परंतु त्यामागील कारण कोणाच्या लक्षात आले नाही. १८ मार्च १९३७ रोजी दुपारी तीन वाजून गेल्यानंतर हस्तव्यवसायाच्या कार्यशाळेत शिक्षकाने लाकूड घासण्याचे विद्युत यंत्र सुरू केले. त्या ठिणगीने स्फोट झाला, इमारत काही फूट उचलली जाऊन कोसळली. सुमारे तीनशे विद्यार्थी व शिक्षक मृत्युमुखी पडले. लहान वर्गांची मुले आधीच घरी गेली होती, अन्यथा ही संख्या आणखी वाढली असती. अमेरिकेच्या इतिहासातील शाळेत घडलेली ही सर्वांत मोठी जीवितहानी मानली जाते.

तेलक्षेत्रातील हजारो कामगारांनी रात्रभर पावसात हातांनी ढिगारा उपसला. त्यांतील अनेकजण मृतांचे वडील होते. गव्हर्नर जेम्स ऑलरेड यांनी लष्करी चौकशी मंडळ नेमले; संघराज्याच्या खाण विभागानेही तपास केला. तपासातून कोणा एका व्यक्तीच्या गुन्ह्याचा नव्हे, तर सर्वसंमत निष्काळजीपणाचा उलगडा झाला. पुढे दाखल झालेले भरपाईचे दावे न्यायालयात टिकले नाहीत.

विधिमंडळाचे अधिवेशन तेव्हा ऑस्टिन येथे चालू होते, ही बाब निर्णायक ठरली. दोनच महिन्यांत, मे १९३७ मध्ये, दोन कायदे संमत झाले. हाऊस बिल १०१७ अन्वये नैसर्गिक वायूत उग्र वासाचे द्रव्य मिसळण्याबाबत नियम करण्याचा अधिकार रेल्वे आयोगाला मिळाला. नावात रेल्वे असली तरी टेक्सासमध्ये तेल व वायूचे नियमन हाच आयोग करतो. दुसऱ्या कायद्याने अभियंत्यांची नोंदणी सक्तीची करून नोंदणीशिवाय अभियांत्रिकी व्यवसाय करण्यास मनाई केली. वायूला वास देण्याचा नियम पुढे अन्य राज्यांनी व देशांनी स्वीकारला. महाराष्ट्रातील स्वयंपाकघरात सिलिंडर गळू लागल्यावर जो उग्र वास येतो, तोही याच वर्गातील मर्कॅप्टन द्रव्याचा असतो.

या दोन्ही कायद्यांचे वैशिष्ट्य असे की, त्यांत 'शाळा' हा केंद्रबिंदू नव्हता. शाळेच्या भिंती जाड कराव्यात अथवा कार्यशाळा बंद कराव्यात, असे विधिमंडळाने म्हटले नाही. धोका ज्या वस्तूतून आला ती वस्तू आणि ज्या अनधिकृत कामातून आला ते काम, यांचेच नियमन करण्यात आले. त्यामुळे लाभ केवळ विद्यार्थ्यांना नव्हे, तर वायू वापरणाऱ्या प्रत्येक घराला झाला.

व्यावसायिक शिक्षणाचे हेलकावे

१९६३ च्या संघराज्यीय कायद्याने व्यावसायिक शिक्षण शेती व कारखान्यापलीकडे विस्तारले. १९८४ मध्ये कार्ल पर्किन्स यांच्या नावाचा कायदा आला. २००६ च्या सुधारणेत 'व्यावसायिक' या शब्दाच्या जागी 'करिअर व तांत्रिक' हे शब्द आले. हा केवळ नामांतराचा प्रश्न नव्हता. जुन्या नावाला चिकटलेली दुय्यमत्वाची छाया पुसण्याचा तो प्रयत्न होता. २०१८ मध्ये या कायद्याचे पुन्हा नूतनीकरण झाले.

टेक्सासमध्ये मात्र लंबक दोन्ही दिशांना फिरत राहिला. १९८३ च्या 'अ नेशन अ‍ॅट रिस्क' या राष्ट्रीय अहवालानंतर मूलभूत विषयांवर भर देण्याची लाट आली. उद्योजक रॉस पेरो यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या शिफारशींवरून १९८४ मध्ये हाऊस बिल ७२ संमत झाले आणि परीक्षेत अनुत्तीर्ण विद्यार्थ्यांना खेळ व तत्सम उपक्रमांत भाग घेण्यास मनाई झाली. २००६ मध्ये इंग्रजी, गणित, विज्ञान व सामाजिक शास्त्रे हे चार विषय चार वर्षे शिकण्याचा आग्रह कायद्यात आला. या वेळापत्रकात वेल्डिंग, सुतारकाम, वाहनदुरुस्ती यांना जागा उरत नाही, अशी तक्रार पालक व उद्योजक करू लागले.

२०१३ च्या हाऊस बिल ५ ने लंबक उलट फिरविला. अंतिम परीक्षांची संख्या पंधरावरून पाचवर आली. विद्यार्थ्याने विज्ञान-तंत्रज्ञान, व्यापार व उद्योग, लोकसेवा, कला व मानव्यविद्या, बहुविद्याशाखीय या पाच शाखांपैकी एक निवडावी अशी योजना झाली आणि उच्च बीजगणिताची सर्वांवरील सक्ती उठली. उद्योगक्षेत्राने स्वागत केले. हिस्पॅनिक व कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांच्या हक्कांसाठी काम करणाऱ्या संघटनांनी मात्र गरीब वस्तीतील मुलांना पुन्हा कमी अपेक्षांच्या वाटेवर ढकलले जाईल, असा इशारा दिला. ड्यूई–स्नेडन वादच जणू शंभर वर्षांनी ऑस्टिनमध्ये पुन्हा ऐकू आला.

२०१९ च्या हाऊस बिल ३ ने सुमारे ११.६ अब्ज डॉलरची तरतूद करून प्रतिविद्यार्थी मूळ अनुदान ५,१४० वरून ६,१६० डॉलरवर नेले आणि महाविद्यालय, नोकरी वा लष्करसेवा यांसाठी सज्ज ठरणाऱ्या विद्यार्थ्यांच्या संख्येनुसार शालेय जिल्ह्यांना बक्षीस अनुदान देऊ केले. उद्योगमान्य प्रमाणपत्र मिळविणे हे सज्जतेचे एक माप ठरले. त्यामुळे बाजारात फारशी किंमत नसलेली, परंतु सहज मिळणारी प्रमाणपत्रे वाटण्याचा मोह शाळांना होऊ लागला व राज्याला मान्य प्रमाणपत्रांची यादी वेळोवेळी छाटावी लागली. मापदंड आला की काम मापदंडाकडे वळते, याचे हे बोलके उदाहरण होय.

सुरक्षेचा बदललेला अर्थ

१९३७ मध्ये शालेय सुरक्षा म्हणजे इमारत, वायू, आग यांपासून संरक्षण. १९९० च्या दशकात हा अर्थ बदलला आणि धोका विद्यार्थ्याच्याच रूपात पाहिला जाऊ लागला. १९९४ च्या संघराज्यीय शस्त्रमुक्त शाळा कायद्यापाठोपाठ टेक्सासने १९९५ मध्ये शिक्षण संहितेची पुनर्रचना केली. तिच्या ३७ व्या प्रकरणाने विशिष्ट वर्तनासाठी वर्गातून काढणे, पर्यायी शिस्तशाळेत पाठविणे व निष्कासन सक्तीचे केले. 'शून्य सहिष्णुता' हे या धोरणाचे लोकप्रिय नाव.

२०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात टेक्सासमधील सुमारे दहा लाख विद्यार्थ्यांचा सातवी ते बारावीपर्यंत मागोवा घेण्यात आला. दहांपैकी जवळजवळ सहा विद्यार्थ्यांना निदान एकदा निलंबन वा निष्कासनास सामोरे जावे लागले होते. त्यांतील केवळ तीन टक्के कारवाया कायद्याने सक्तीच्या ठरविलेल्या वर्तनासाठी होत्या. उर्वरित कारवाया स्थानिक अधिकाऱ्यांच्या विवेकाधिकारातील होत्या आणि कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांवर त्यांचा भार विषम प्रमाणात पडत होता. म्हणजे कायद्याने उघडलेल्या दाराने व्यवस्था कायद्यापेक्षा कितीतरी पुढे गेली होती. विधिमंडळाने २००९ मध्येच परिस्थितीचा विचार करण्याचे बंधन घालून या धोरणाची धार काहीशी कमी केली होती.

डिसेंबर २०१२ मध्ये कनेक्टिकट राज्यातील सँडी हूक शाळेत गोळीबार झाला. त्यानंतर २०१३ मध्ये टेक्सासने प्रशिक्षित कर्मचाऱ्यास शाळेत सशस्त्र राहण्याची मुभा देणारी 'स्कूल मार्शल' योजना स्वीकारली. हाऊस बिल ५ संमत झाले ते याच अधिवेशनात.

सांता फे ते युवाल्डी

१८ मे २०१८ रोजी सांता फे हायस्कूलमध्ये झालेल्या गोळीबारात आठ विद्यार्थी व दोन शिक्षिका अशा दहा व्यक्तींचा मृत्यू झाला. गव्हर्नरांनी बैठका घेऊन चाळीस शिफारशींची योजना मांडली. २०१९ च्या अधिवेशनात सिनेट बिल ११ संमत झाले. प्रत्येक शाळेसाठी धोका-मूल्यमापन पथक, बालकांच्या मानसिक आरोग्यासाठी राज्यव्यापी व्यवस्था आणि सरासरी उपस्थितीवर आधारित प्रतिविद्यार्थी ९.७२ डॉलरचे सुरक्षा अनुदान, या त्यातील प्रमुख तरतुदी होत्या.

२४ मे २०२२ रोजी युवाल्डी येथील रॉब प्राथमिक शाळेत अठरा वर्षांच्या हल्लेखोराने एकोणीस बालके व दोन शिक्षिकांची हत्या केली. वाढदिवसानंतर त्याने रायफली कायदेशीर मार्गानेच विकत घेतल्या होत्या. टेक्सास प्रतिनिधीगृहाच्या चौकशी समितीने जुलै २०२२ मध्ये अहवाल दिला. घटनास्थळी वेगवेगळ्या यंत्रणांचे ३७६ सशस्त्र अधिकारी जमले होते, तरी हल्लेखोराला ठार करण्यास सुमारे ७७ मिनिटे लागली. त्याहून अंतर्मुख करणारा तपशील कुलुपांचा आहे. एका वर्गाचे कुलूप नीट लागत नसल्याचे शाळेत ठाऊक होते, पण दुरुस्तीची रीतसर मागणीच नोंदविली गेली नव्हती. सीमेजवळच्या या गावात पोलीस पाठलागांमुळे फेब्रुवारी ते मे या काळात सुमारे पन्नास वेळा इशारे दिले गेले होते आणि वारंवारतेमुळे त्यांचे गांभीर्य उरले नव्हते. १९३७ ची डोकेदुखी आणि २०२२ चे कुलूप यांत साम्य आहे. दोन्ही ठिकाणी संकटाची खूण समोर होती. ती वाचून पुढे पोहोचविण्याची जबाबदारी मात्र कोणाचीच नव्हती.

यावेळी विधिमंडळाचे अधिवेशन चालू नव्हते आणि या विषयासाठी विशेष अधिवेशनही बोलाविण्यात आले नाही. अधिवेशन भरले ते जानेवारी २०२३ मध्ये. रायफल खरेदीचे किमान वय अठरावरून एकवीस करणारे हाऊस बिल २७४४ मांडले गेले. मृत बालकांच्या पालकांनी एप्रिलमध्ये रात्री उशिरापर्यंत ताटकळत थांबून समितीपुढे साक्ष दिली. ८ मे रोजी समितीने आठ विरुद्ध पाच मतांनी विधेयक पुढे पाठविले. परंतु मुदत टळल्याने ते सभागृहाच्या मतदानापर्यंत पोहोचलेच नाही.

संमत झाले ते हाऊस बिल ३. युवाल्डी चौकशी समितीचे अध्यक्ष डस्टिन बरोज हेच त्याचे प्रवर्तक होते. १ सप्टेंबर २०२३ पासून प्रत्येक शाळेत सशस्त्र सुरक्षा अधिकारी असणे बंधनकारक झाले. त्यासाठी राज्याने प्रत्येक शाळेमागे १५,००० आणि प्रत्येक विद्यार्थ्यामागे १० डॉलर दिले. एका अधिकाऱ्याच्या वार्षिक वेतनाच्या तुलनेत ही रक्कम फारच अपुरी असल्याची तक्रार शालेय जिल्ह्यांनी केली. अधिकारी वा निधी उपलब्ध नसल्यास 'सबळ कारण' दाखवून पर्यायी व्यवस्था करण्याची मुभा कायद्यात होती व अनेक जिल्ह्यांनी तिचा आधार घेतला. खाजगी शाळांच्या अनुदानावरील संघर्षामुळे मूळ अनुदान त्या वर्षी ६,१६० डॉलरवरच राहिले. बंधन वाढले, पायाभूत निधी वाढला नाही. त्याच अधिवेशनातील सिनेट बिल ८३८ ने प्रत्येक वर्गात मूक इशारा यंत्रणा सक्तीची केली.

२०२५ मध्ये दोन्ही विषय पुन्हा एकत्र आले. हाऊस बिल २ ने सुरक्षा अनुदान प्रत्येक शाळेमागे ३३,५४० व प्रत्येक विद्यार्थ्यामागे २० डॉलर केले; हाऊस बिल १२० ने करिअरविषयक मार्गदर्शन व तांत्रिक शिक्षणाच्या साहाय्यात भर घातली; तर हाऊस बिल ३३ ने हल्ल्याच्या प्रसंगी विविध यंत्रणांच्या समन्वयाचे व प्रशिक्षणाचे नियम घालून दिले.

तुलनात्मक विवेचन

१९३७ आणि २०२३ यांची तुलना करताना सोपे निष्कर्ष टाळले पाहिजेत. वायूत वास मिसळण्याचा खर्च अल्प होता, त्याविरुद्ध घटनात्मक हक्काचा दावा नव्हता आणि गळती कळणे हे उद्योगाच्याही हिताचे होते. शस्त्रांच्या प्रश्नात दुसरी घटनादुरुस्ती, ग्रामीण जीवनातील शिकारीची परंपरा व संघटित मतदारवर्ग यांचा संबंध येतो. २०२१ मध्येच टेक्सासने परवान्याशिवाय पिस्तूल बाळगण्यास मुभा दिली होती. त्यामुळे २०२३ चे विधिमंडळ १९३७ च्या विधिमंडळापेक्षा कमी संवेदनशील होते, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. मात्र कायद्याची दिशा बदलली, हे निर्विवाद आहे. १९३७ चा कायदा शाळेच्या कुंपणाबाहेर जाऊन धोक्याच्या मुळाशी पोहोचला. २०१९ व २०२३ चे कायदे मुख्यतः कुंपणाच्या आत राहिले व त्यांनी शाळेलाच अधिक सज्ज होण्यास सांगितले.

कॅलिफोर्नियाचा दाखला येथे उपयुक्त आहे. १० मार्च १९३३ रोजी लाँग बीच परिसरात भूकंप होऊन अनेक शाळा कोसळल्या. सुदैवाने ती सायंकाळची वेळ होती. बरोबर एका महिन्यात फील्ड कायदा अमलात आला व शाळांचे बांधकाम राज्याच्या देखरेखीखाली आले. परंतु तो नव्या इमारतींसाठी होता. जुन्या इमारतींसाठी १९३९ मध्ये गॅरिसन कायदा करावा लागला आणि त्याची अंमलबजावणी दीर्घकाळ रेंगाळली. १ डिसेंबर १९५८ रोजी शिकागोतील 'अवर लेडी ऑफ द एंजल्स' शाळेच्या आगीत ९२ बालके व तीन जोगिणी दगावल्या. ती जुनी इमारत नव्या अग्निसुरक्षा नियमांतून वगळलेली होती. नवा नियम करणे तुलनेने सोपे, जुन्याला तो लागू करणे कठीण, हे यावरून स्पष्ट होते.

व्यावसायिक शिक्षणाच्या कायद्यांची गती याहून वेगळी आहे. ते आयोग, अहवाल, उद्योगांची मागणी यांतून हळूहळू आकार घेतात व आर्थिक वाऱ्याबरोबर दिशा बदलतात. सुरक्षेचे कायदे दुर्घटनेतून जन्मतात व सहसा मागे घेतले जात नाहीत. पहिल्यांचे अपयश वीस वर्षांनी बेरोजगार पदवीधराच्या वा अकुशल कामगाराच्या रूपाने दिसते. दुसऱ्यांचे अपयश एका दुपारी दिसते. विधिमंडळाचे लक्ष दुसऱ्यांकडे अधिक वेगाने वळणे स्वाभाविक असले, तरी पैसा एकाच तिजोरीतून येतो. आज सुरक्षा हाही करिअर शिक्षणातील एक अभ्यासक्रम बनला असून कायदा व सार्वजनिक सुरक्षा या शाखेत विद्यार्थी पोलीस वा सुरक्षासेवेचे प्राथमिक शिक्षण घेतात, ही घटना दोन्ही विषयांच्या जवळिकीची निदर्शक आहे.

निष्कर्ष

१. टेक्सासमधील व्यावसायिक शिक्षणाचे धोरण सर्वांसाठी समान अभ्यासक्रम व विद्यार्थ्यागणिक वेगळी वाट या दोन टोकांत हेलकावत राहिले. १९१५ चा मूलभूत प्रश्न अद्याप सुटलेला नाही.
२. शालेय सुरक्षेची संकल्पना इमारतीच्या सुरक्षेपासून विद्यार्थ्याच्या शिस्तीकडे आणि तेथून सशस्त्र संरक्षणाकडे सरकली.
३. कायद्याची तत्परता दुर्घटनेच्या भीषणतेइतकीच अधिवेशनाच्या वेळापत्रकावर व हितसंबंधांच्या स्वरूपावर अवलंबून राहिली.
४. दोन्ही क्षेत्रांत बंधन राज्याचे व उणिवेचा भार स्थानिक शाळेचा, अशी विभागणी वारंवार दिसते. अनुदान व बंधन यांतील अंतर गरीब जिल्ह्यांना सर्वाधिक जाचते.
५. कायद्याच्या शब्दापेक्षा देखभालीची शिस्त अनेकदा अधिक निर्णायक ठरली. न्यू लंडनची नळी आणि युवाल्डीचे कुलूप ही त्याची साक्ष आहे.

समारोप

न्यू लंडनच्या ज्या कार्यशाळेत ठिणगी पडली, तेथे मुले लाकूडकाम शिकत होती. शाळा हे जसे उपजीविकेची तयारी करून घेण्याचे स्थान, तसेच ते मूल दिवसभर निर्धास्तपणे सोपविण्याचे स्थान, अशी पालकांची दुहेरी श्रद्धा असते. विधिमंडळ या दोन अपेक्षा दोन वेगळ्या विधेयकांत विभागते, त्यांना वेगळे क्रमांक देते व वेगळ्या समित्यांकडे पाठविते. वर्गात मात्र त्या एकाच मुलाच्या बाबतीत पूर्ण व्हायच्या असतात. १९३७ मध्ये तीनशे डॉलरची मासिक बचत करणाऱ्या मंडळाला आपण सुरक्षेचा निर्णय घेत आहोत असे वाटलेच नव्हते. त्यांच्या दृष्टीने तो केवळ खर्चाचा निर्णय होता. शाळेच्या अंदाजपत्रकातील प्रत्येक बाब ही अखेरीस सुरक्षेची बाब असू शकते, ही जाणीव हाच या इतिहासाचा शिक्षणक्षेत्रातील कार्यकर्त्यांसाठी असलेला बोध म्हणता येईल.